साहेबांना घेऊन या

"ओ मावशी, उठा. इथं झोपायचं नसतं."

मी शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर उताणी पडले होते आणि माझं डोकं एका नव्याकोऱ्या जीपच्या पोटाखाली होतं. बोलणाऱ्याचे फक्त बूट दिसत होते. काळे, टोकदार आणि नको तितके चकचकीत.

"झोपली न्हाई," मी खालूनच म्हणाले. "हिचं पोट जमिनीपासनं किती वर हाय ते बघतीय."

"ते ब्रोशरमध्ये दिलंय, मावशी."

"ब्रोशरमधी दगड न्हाईत."

मग मी बाहेर सरकले, पदर झटकला आणि उभी राहिले. समोर पंचविशीचा, टाय लावलेला मुलगा होता. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, तन्मय. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या चपलांकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. माझ्यामागून कुणी येतंय का, याचा तो अंदाज घेत होता.

"कुणासाठी बघायचीय गाडी?"

"माझ्यासाठी."

"नाही, म्हणजे चालवणार कोण?"

"मी."

"आणि साहेब?"

"साहेब ब्लाऊज शिवत्यात."

त्याला हा विनोद वाटला. विनोद नव्हता. आमचे हे, एकनाथ शेलार, पाटणच्या बाजारात बायकांचे कपडे शिवायचे आणि फार चांगले शिवायचे. जीप मी चालवायचे. बारा वर्षं मी वडाप केलं होतं. माणसं भरून खेपा मारणाऱ्या जीपला आमच्याकडे वडाप म्हणतात. पंचक्रोशीत ती चालवणारी बाई मी एकटीच, त्यामुळे लोक पहिल्या वर्षी हसले, दुसऱ्या वर्षी गप्प बसले आणि तिसऱ्या वर्षी पुढच्या सीटसाठी भांडायला लागले.

त्या वर्षी एका संस्थेनं आमच्या डोंगरावरच्या सात वाड्यांसाठी फिरता दवाखाना काढायचं ठरवलं होतं. डॉक्टर त्यांच्या, औषधं त्यांची, गाडी आणि चालवणारी मात्र इथली. अटी दोनच होत्या. गाडी चारही चाकांनी ओढणारी हवी आणि ती चालवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावावर हवी. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी संस्थेच्या डॉक्टर गीतांजलीबाई गाडी आणि कागद बघायला येणार होत्या. तोवर झालं नाही तर पलीकडच्या तालुक्यातली एक बाई तयारच होती आणि तिच्याबरोबर दवाखानाही तिकडच्या वाड्यांना जाणार होता.

मला ते काम हवंच होतं. वरच्या वाड्यांतलं आजारी माणूस अजून घोंगडीची झोळी करून चौघंजण खाली आणायचे. माझी जुनी जीप शेवटच्या चढाच्या अलीकडेच हात टेकायची. माझ्या सख्ख्या नणंदेला मी तशा झोळीतून खाली येताना पाहिलंय. ती वाचली, मूल वाचलं नाही. मी खाली जीप चालू ठेवून अडीच तास वाट बघत होते. तो चढ चढेल अशी गाडी मला पाहिजे होती, आणि तशी गाडी कऱ्हाडच्या या एकाच शोरूममध्ये होती. दुसरी बघायची तर पुणं.

"ही लो गिअरला चढावर कशी ओढती?" मी विचारलं.

"म्युझिक सिस्टिम टचस्क्रीन आहे, मॅडम." मावशीची मॅडम झाली, एवढी प्रगती. "आणि हे बघा, इथं वरती आरसा. लेडीजसाठी खास."

"चढावर."

"ते टेक्निकल आहे. असं करा, साहेबांना घेऊन या. मग टेस्ट ड्राइव्ह देतो."

म्हणजे त्या दिवशी मला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं.

दुसऱ्या खेपेला मी साहेबांना घेऊन गेले.

आमच्या ह्यांनी लग्नातला कोट घालायचा हट्ट धरला होता, तो मी मोडून काढला. पण इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला पेन, एवढ्यावर काम झालं. दारातच तन्मय पुढे आला. "या सर, बसा सर. चहा की कॉफी, सर?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरी चहा किती वाजता, कसला आणि कोणत्या कपात, हे मी ठरवायचे.

"सर?" तन्मयनं पुन्हा विचारलं.

"कॉफी," हे म्हणाले. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि ह्यांना कॉफी आवडते हे मला त्या शोरूममध्ये कळलं.

मला कुणी काही विचारलं नाही, माझ्यापुढे न विचारताच चहा आला.

टेस्ट ड्राइव्हला सर पुढे, मी मागे. तन्मय गाडी सर्व्हिस रोडला सुसाट पळवत होता आणि ह्यांना सांगत होता, "पिकअप बघा, सर." हे दाराचं हँडल घट्ट धरून पिकअप बघत होते. मी मागून म्हणाले, "त्या पुढच्या ओढ्यात उतरवा."

"ओढ्यात?" तन्मयनं ब्रेकच मारला. "नाही मॅडम. कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही. डेमो गाडी आहे, चिखल लागेल."

"आवो, ही गाडीच कच्च्या रस्त्याची हाय ना?"

"हो, पण आपल्याला डांबरावरच न्यायची परवानगी आहे."

"आणि हा दांडा?" मी पुढे वाकून चारही चाकांना जोर देणाऱ्या छोट्या दांड्यावर बोट ठेवलं.

"त्याला हात नका लावू, मॅडम. तो कधी लावलेला नाहीय."

मी पुष्कळ वाद घातला. शेवटी मला चारशे पावलं गाडी चालवायला मिळाली. तन्मय तेवढा वेळ हँडब्रेक पकडून बसला होता, आणि खाली उतरल्यावर ह्यांना म्हणाला, "सर, मॅडम बऱ्या चालवतात."

"व्हय," हे म्हणाले. "पहिल्यापासनं."

परतीच्या एस.टी.त मी खूप तोंड सोडलं. "हीच का त्यांची गिऱ्हाईकाला वागवायची तऱ्हा? गाडी घ्यायची मी, पैसे माझे, चालवणार मी, आणि हा मला आरसा दाखवतोय! एक वाक्य माझ्याकडं बघून बोलला न्हाई." हे खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणाले, "तुम्ही तरी सांगायचं हुतं की त्याला."

"काय सांगायचं?"

"राहू द्या. तुमाला काय विचारायचं!"

तिसऱ्या खेपेला बुकिंग. पैसे मी माझ्या खात्यातून भरले आणि पावती घेतली. कागद भरायचे म्हणून तन्मयनं ह्यांना काचेच्या खोलीत नेलं. मला स्ट्रेचर बसतंय का ते बघायचं होतं, म्हणून ह्यांचाच मापाचा टेप घेऊन मी गाडीच्या मागच्या भागात शिरले. लांबी घेतली, दोन्ही चाकांवरच्या फुगवट्यांमधली रुंदी घेतली, दार किती उघडतं ते बघितलं. मागचं सीट काढलं तर माणूस आडवं मावत होतं, आणि शेजारी एक बाई बसू शकत होती. मी एकटीच त्या रिकाम्या जागेत पाय लांब करून जरा वेळ पडले. खूप बरं वाटलं.

खोलीत गेले तेव्हा ह्यांची कॉफी संपत आली होती आणि कागदांचा गठ्ठा तयार होता. जिथं पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या तिथं मी सह्या केल्या. एकही ओळ वाचली नाही. मीच, जी डिझेलच्या पावतीवरचा आकडा दोनदा बघायची! पण तीन खेपांनंतर त्या पोरानं एकदाचा माझ्यासमोर कागद ठेवला होता, त्यातच मी खूश होते.

अक्षय तृतीयेला शोरूममध्ये लग्नघर होतं. अकरा गाड्या हार घालून उभ्या, फरशीवर रांगोळी, एका कोपऱ्यात नारळांचं पोतं. चाकाखाली लिंबं ठेवायला एक माणूस खास नेमला होता. आमची गाडी पांढरी, सातव्या नंबरला. मी गाडीला कुंकू लावलं, हळद लावली. कुणी बघत नव्हतं तेव्हा बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, बाई, तेवढा शेवटचा चढ सांभाळ.

मग माइकवर आवाज आला, "श्री. एकनाथ पांडुरंग शेलार यांचं नवीन गाडीबद्दल हार्दिक अभिनंदन!" टाळ्या. पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली ह्यांच्या हातात दिली. फोटोवाला मला म्हणाला, "मॅडम, थोडं मागं. सरांच्या मागं."

मी मागे झाले. म्हटलं, ही शोरूमची रीत, माइकवर बाप्याचंच नाव घेत असतील. फोटो झाल्यावर मी तन्मयला म्हणाले, "बिल आणि विम्याचा कागद द्या, उद्या दाखवायचेत."

त्यानं पाकीट दिलं. उघडलं. बिलावर नाव, एकनाथ पांडुरंग शेलार. विम्यावर, एकनाथ पांडुरंग शेलार. माझी सही होती ती खाली एका ओळीवर, पैसे भरणाऱ्याच्या जागी.

पुढचं मला फार अभिमानानं सांगवत नाही. मी त्या मुलाला माणसांनी भरलेल्या शोरूममध्ये, पेढ्यांच्या ताटासमोर, जेवढं येतं तेवढं सगळं ऐकवलं. पहिल्या दिवसापासून तो मला कसा वागवत आलाय, फरशीवरून कसं उठवलं, कॉफी कुणाला विचारली, दांडा का लावू दिला नाही. "बाई दिसली की तुमचे डोळे फुटत्यात का? गाडी कुणाची ते एकदा तरी इचारायचं! उद्या माझं काम जाणार, सात वाड्यांचा दवाखाना जाणार, आणि तो तुमच्या ह्या टायमुळं!"

आवाज ऐकून मॅनेजर आले, मिणचेकर म्हणून, पोट सुटलेले, घामाघूम. त्यांनी बिल बघितलं, मला बघितलं, आणि तन्मयवर ओरडले, "कस्टमरला विचारता येत नाही? गाडी कुणाच्या नावावर करायची एवढं साधं विचारता येत नाही तुला?"

तन्मयचा चेहरा पांढरा पडला होता. "सर, मी विचारलं होतं," तो म्हणाला.

"कुणाला?"

"सरांना. दोनदा विचारलं."

मी वळले. आमचे हे पुठ्ठ्याची किल्ली छातीशी धरून उभे होते. मान खाली.

"अहो?" मी म्हणाले.

"इचारलं हुतं त्यानं," हे म्हणाले. "खरं हाय."

"मग?"

"मी म्हणालो, तिला इचारा. तर हा म्हणाला, ‘सर, मी तुम्हाला विचारतोय.’ कॉफी पुढं हुती. पेन हातात दिला हुता." ह्यांनी किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग गेलं तोंडातनं. माझ्या म्हणून."

"अट ठाऊक हुती तुमाला."

"हुती."

"मग घरी आल्यावर सांगायचं न्हाई?"

"रोज म्हणायचो, उद्या सांगू. मग वाटलं, एक दिवस राहू दे. अजून एक दिवस राहू दे." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "दुकानात दोघांना सांगितलं, माझी गाडी येतीय म्हणून."

इतका वेळ रागानं भरभरून बोलत होते, आणि ज्याच्यावर बोलायचं तो माणूस भलताच निघाला. तीन खेपांत त्या शोरूमनं एकच काम नीट केलं होतं, आणि नेमकं त्याच कामावरून मी त्यांना फाडून खात होते.

मिणचेकर घाईत होते. आणखी चार गाड्या द्यायच्या होत्या. "हे बघा, पासिंगला कागद अजून गेलेले नाहीत. सरांनी आत्ता लिहून दिलं की माझी हरकत नाही, तर बिल रद्द करून मॅडमच्या नावानं काढतो. पाच वाजता कॉम्प्युटर बंद होतो. त्याआधी."

भिंतीवरच्या घड्याळात सवाचार झाले होते. तन्मयनं पळत जाऊन कोरा कागद आणला, मजकूर स्वतःच लिहिला आणि कागद ह्यांच्यापुढे ठेवला.

"घाला सही," मी म्हणाले.

अठरा वर्षं मी तसंच बोलत होते. घाला सही, उचला पिशवी, बसा मागं. हे वाईट बोलणं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. माणूस गरीब, आपण खटपटी, कुणीतरी सांगायला पाहिजे ना.

ह्यांनी पेन उचललं आणि परत टेबलावर ठेवलं.

हा माणूस आजवर कधी कशाला नाही म्हणाला नव्हता, त्यामुळे नाही म्हणाला तर पुढे काय करायचं हे मला ठाऊकच नव्हतं. नणंद डोळ्यांपुढे आली, ती घोंगडी आली. ओरडावं, तर लोक बघत होते. रडावं, तर मला तसं रडता येत नाही.

"माझं नाव कुठंच राहणार न्हाई का मग?" ह्यांनी तन्मयला विचारलं. मला नाही.

तन्मयला मदत करायची फार इच्छा होती. "राहील ना सर! विम्यात नॉमिनी म्हणून टाकतो तुम्हाला."

"म्हंजे काय?"

"म्हणजे मॅडम गेल्या की तुम्ही, सर."

मिणचेकरांनी कपाळाला हात लावला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, बऱ्याच वेळानं. त्यांच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. मलाही हसू आलं. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. इतका वेळ उभीच होते.

"अहो," मी म्हणाले, "वरच्या वाडीचा चढ तुमी बघितलाय. तुमच्या अक्काला आणलं तवा झोळीचं एक टोक तुमच्या खांद्यावर हुतं. ही गाडी माझ्या नावावर केली तर चालंल का तुमाला?"

नीट बोलायला मला कठीण गेलं. चालेल का हा शब्द मी त्यांच्याशी याआधी कधी वापरला होता, ते आठवेना.

"चालंल," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. त्यांची सही सुंदर आहे, टाक्यांसारखी एकसारखी. तीसुद्धा मी त्या दिवशी नीट बघितली.

पाचला दहा मिनिटं असताना नवं बिल निघालं. सौ. मंदाकिनी एकनाथ शेलार. ह्यांनी ते हातात घेतलं आणि तीन शब्दांवरून सावकाश बोट फिरवलं. मधल्या शब्दावर बोट जरा थांबलं. पुठ्ठ्याची किल्ली मात्र त्यांनी परत केली नाही, आणि मागायची तन्मयची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी कागद बघितले, गाडी बघितली, आणि आम्ही तिघं वर गेलो. शेवटच्या चढाला मी तो दांडा लावला. गाडी गुरगुरली आणि चढली. वाडीतली पोरं आणि म्हातारी माणसं पळत आली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, सगळ्यांच्या देखत. ह्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. त्या चढावरून झोळी पुन्हा खाली आलेली नाही.

पण गाडी आणल्यावर आठ-दहा दिवसांनंतरची एक संध्याकाळ सांगायची राहिली. कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून फोन आला. मुलगी गोड आवाजाची होती. "मंदाकिनी मॅडम, आपला खरेदीचा अनुभव कसा होता? दहापैकी गुण द्यायचे आहेत." तन्मयनं आदल्या दिवशी मला विनवून ठेवलं होतं की दहाच सांगा, नऊ सांगितले तरी माझ्यावर येतं. आणि मी मनात दोन ठरवून ठेवले होते. दोनसुद्धा जास्त होते. फरशी, आरसा, चारशे पावलं, सगळं मी क्रमानं तयार ठेवलं होतं.

"आमच्या प्रतिनिधीनं आपलं म्हणणं ऐकून घेतलं का, मॅडम?" तिनं विचारलं.

हे खिडकीपाशी मशीनवर बसले होते, कुणाच्या तरी ब्लाऊजची बाही लावत. मी फोनवर हात ठेवला.

"अहो, शोरूमवाले गुण मागत्यात. धापैकी किती देऊ?"

मशीन थांबलं. मुलगी पलीकडून हॅलो हॅलो करत होती.

"धा दे," हे म्हणाले.

"धा? फरशीवरनं उठवलं मला त्यांनी. साधं पाणी इचारलं न्हाई!"

"ते खरं हाय," ते म्हणाले. "पर मला इचारलं त्यांनी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी बाही पुन्हा सुईखाली सरकवली आणि मशीन सुरू केलं.

मी फोन कानाला लावला आणि त्या मुलीला दहा सांगितले.